अर्धा जीबी राखीव

न्हाई न्हाई, बसा सायेब, बसा — आधी ते धपाटं संपवा, मशीन कुठं पळून जातंय व्हय? तुमची ती वायर लावलीय न्हवं त्याला? मग वाचत बसू द्या लॅपटॉपला त्याचं त्याला, तुमी खावा. दही घ्या. घ्या वो, घरच्या म्हशीचं हाय, लाजताय काय! आन् बोलू नगा, तोंडात घास हाय तवर मी बोलतो, तुमी नुसतं ऐका. सांगलीवरनं निघून आटपाडीच्या म्होरं ह्या रस्त्यानं आलासा म्हंजे कंबर ढिली झाली असंल, पर त्यात माझी काय चूक न्हाई, रस्ता आमच्या संस्थेकडं न्हाई, आमच्याकडं नुसतं पाणी. तर काय सांगत हुतो — हां, तुमचं काम. लय सोपं काम हाय. गावाला पाणी वाटणारं कॉम्प्युटरचं मशीन दोनदा बंद पडलं, का पडलं, येवढं एक वाक्य तुमी द्यायचं. एकच. आन् तुमाला तरास नगो म्हणून ते वाक्य मी जुळवून ठिवलंय — ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळं.’ बगा, कसं सुटसुटीत हाय! दुपारी संचालक मंडळाची बैठक हाय, बाहेर सोप्यात माणसं आत्तापासनंच जमली, आवाज येतोय न्हवं? ती सगळी तुमच्या त्या एका वाक्यासाठी थांबल्यात. तुमी वाक्य म्हणायचं, आमी माना हलवायच्या, मुबश्शिराला कामावरनं मोकळी करायची, आन् तुमाला इट्याच्या एस्टीत बसवून — काय? सोताची गाडी हाय? मग तर लयच ब्येस.

मुबश्शिरा म्हंजे ऑपरेटर वो. तशी इंजिनिअर हाय ती, सांगलीला शिकलीय, पर इंजिनिअर लिवलं की इंजिनिअरचा पगार द्याय लागतो, म्हणून आमी ऑपरेटर लिवलं. शाहनवाजभाईची लेक. स्टँडाजवळ मोटारी रिवाइंडिंग करतो न्हवं शाहनवाजभाई, त्याची. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरगी, मला आण्णा म्हणती, ईदला शीरखुर्मा पयला माझ्या घरात येतो — म्हंजे माझं काय तिच्याशी वैर हाय का? आजाबात न्हाई! वैर असतं तर मी येवढं गोड वाक्य जुळवलं असतं का? निष्काळजीपणा म्हणलंय मी, चोरी म्हणलं न्हाई. ह्या गावात आधी पाण्याच्या पाळीवरनं काय चालायचं, ते तुमाला काय सांगू — कुऱ्हाडी निघायच्या वो. सख्खे भाऊ बांधावर एकमेकाच्या उरावर बसायचे. मग तिनं हे मशीन बसवलं. कुणाच्या शिवाराचा व्हॉल्व्ह कवा उघडायचा, कवा मिटायचा, सगळं मशीन ठरवणार, माणसाचा हात न्हाई. शेवटच्या टोकाला म्हसवडकडच्या अंगाला जी वावरं हायत, त्यांनी जन्मात पाळी बघितली नव्हती, त्यांच्याकडं पाणी गेलं. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडलं तिला. मला बी जोडलं, मी शेजारीच उभा हुतो.

आता चूक कुठं झाली? चूक माझ्या चांगुलपणात झाली. मला पारदर्शक कारभाराची भारी हौस. म्हणलं, मुबश्शिरा, सोप्यात एक मोठा टीव्ही लाव, आन् मशीनच्या पोटात काय चाललंय ते सगळं गावाला दिसू दे. ती म्हणली, आण्णा, लोकांना त्यातलं काय कळणार? म्हणलं, कळाय कशाला पायजे, दिसाय पायजे. मग तिनं लावलं. कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद, मशीन किती तापलं, मेमरी एकूण किती, वापरात किती, आन् सगळ्यात खाली, तिच्या हातानं मराठीत लिवलेली एक ओळ — ‘अपघातासाठी राखीव : अर्धा जीबी.’ आता मला सांगा, कुणी सांगितलं हुतं तिला ती ओळ लिवाय? कोण इचारत हुतं का? खरं हाय म्हणून काय सगळंच सांगायचं असतं व्हय? पर न्हाई, पोरगी तसलीच हाय, ताठ. मी भाषण करताना आकडा चुकला तर खाली बसून फिदीफिदी हसती. भर कार्यक्रमात वो.

दादासो ठाऊक न्हाई तुमाला, न्हवं? बाहेर पांढरी टोपी तिरकी घालून बसलाय तो. माझ्या इरोधातला. तीन महिने त्यो त्या टीव्हीसमोर रोज चहा पिऊन बसायचा, आमाला वाटलं पाण्याचं बगतोय. कशाचं काय! वार्षिक सभेत उठला, कमरेवर हात ठिवला आन् म्हणतो, चेअरमनसायेब, मशीन घेतलं तवा आपण सभेत काय सांगितलं? सोळा जीबी. पडद्यावर किती दिसत्यात? पंधरा पॉइंट एक. मग बाकीचं कुणी खाल्लं? — आवं, काय सांगू तुमाला, सभेत असा गलका उठला! जीबी म्हंजे काय, त्येचा रंग कसला, किलोवर मोजत्यात का लिटरवर, एका माणसाला म्हाईत न्हाई, पर खाल्लं म्हणलं की सगळ्यांना कळलं. एक म्हातारा तर मला म्हणला, लालासाब, खायाचं तर निदान पाणी खायाचं हुतंस. मी उभा राहिलो. म्हणलं, कुणी खाल्लं न्हाई, राखीव हाय. तर दादासो म्हणतो, राखीव हाय म्हंजे हाय न्हवं? मग बेरजेत का धरलं न्हाई? आन् कुणासाठी राखीव? तुमच्या जावयासाठी? टाळ्या पडल्या सायेब. माझ्या जावयावर टाळ्या पडल्या.

तवा मुबश्शिरा उठली समजून सांगाय. म्हणली, मशीनच्या आत एक कारभारी असतोय, कर्नेल म्हंत्यात त्याला, सगळी वाटावाट त्योच करतो. आता कारभारीच चक्कर येऊन पडला, तर का पडला हे कोण सांगणार? पडलेला माणूस आपला पंचनामा आपल्या हातानं लिवत न्हाई. म्हणून मशीन चालू करतानाच एक खोली बाजूला काढायची, तिला कुलूप, आन् आत दुसरा बारका कारभारी बसवायचा. त्यानं कायबी करायचं न्हाई, नुसतं जागं बसायचं. थोरला पडला की त्यो उठतो, पडलेल्याच्या हातात काय हुतं, खिशात काय हुतं, शेवटाला कुणाशी बोलला, सगळं टिपून ठिवतो, आन् मग मशीन परत चालू करतो. ती खोली रोजच्या वापरातली न्हाई म्हणून एकूणमदी धरत न्हाईत, आन् थोरला कारभारी सोता बसतो ती जागा बी वजा. चोरी कुठंच न्हाई, म्हणली. झ्याक सांगितलं तिनं, मला तर तवाच पटलं हुतं! अमृतसुभेदार — आमचे रिटायर सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्रीतलं — ते बी उठून म्हणलं, बरोबर हाय, लढाईत सगळीच माणसं म्होरं घालत न्हाईत, एक तुकडी पाठीमागं रिकामी ठिवायची, जी ठिवत न्हाई ती फौज मरती. पर ऐकतंय कोण? आमच्याकडं रिकामी खोली म्हंजे काय, तुमी सांगा. कुणाच्या घरात खोली रिकामी हाय म्हणलं की दोन दिसात त्यात कुणाच्या तरी हळदीची पोती येऊन पडत्यात. आन् पगार घेऊन नुसतं बसणारा माणूस म्हणलं, तर सगळ्यांनी वळून संचालक मंडळाकडंच बघितलं. मेलो वो मी शरमेनं.

मग काय करणार? निवडणूक तोंडावर. मी मुबश्शिराला हितंच, ह्याच खोलीत बोलावलं — म्हणलं, पोरी, ती खोली मोकळी कर. म्हणली, आण्णा, नगं. म्हणलं, आगं, मशीन कवा पडलंय का आजवर? म्हणली, न्हाई पडलं. म्हणलं, मग? म्हणली, आण्णा, तुमच्या घराला आग लागली न्हाई म्हणून तुमी हिरीवरची दोरी काढून टाकता का? असं बोलती बगा. तासभर भांडली माझ्याशी, डोळ्यात पाणी आणलं, मी म्हणलं, चेअरमन कोण, तू का मी? तवा बसली मशीनम्होरं. आधी आतल्या बारक्याला उठवून बाहेर काढला — त्यो आत असताना खोली मोडता येत न्हाई म्हणं — आन् मग एक शून्य लिवला. बस्स, एक शून्य! आन् पडद्यावर पंधरा पॉइंट एकचं झालं पंधरा पॉइंट सहा. मला हसू का रडू झालं. येवढ्या एका शून्यासाठी माझ्या जावयाची अब्रू गेली हुती! सांजच्याला स्टँडावर फ्लेक्स लागला, मोठ्ठा, माझा मोबाइल कानाला लावलेला फोटो — ‘संस्थेचा हरवलेला अर्धा जीबी परत मिळवून दिल्याबद्दल मा. लालासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन.’ गुलाल उधळला पोरांनी. मुबश्शिरा दारातनं बगत हुती. मी तिला पेढा दिला, तिनं हातात धरला, खाल्ला न्हाई.

खावा, तुमी का थांबलासा? शेंगांची चटणी घ्या अजून. — काय? पंधरा पॉइंट सहा, मग बाहेर टीव्हीवर सोळा कसं दिसतंय म्हणताय? लय बारीक नजर हाय तुमची. आवं, ते दादासोमुळं. दुसऱ्याच दिवशी परत आला, सोळातनं पंधरा पॉइंट सहा गेलं, राहिलं किती, म्हणाय लागला बोटं मोडून. मुबश्शिरा म्हणली, आता जे कमी दिसतंय ती कारभाऱ्याची सोताची जागा हाय, ती कुणालाच काढता यायची न्हाई. मग माझा पुतण्या हाय, वीरधवल, त्याचं मोबाइलचं दुकान हाय स्टँडावर, त्याला बोलावलं. त्यानं खालची राखीवची ओळ पुसली, आन् वरच्या आकड्याच्या जागी नुसतं ‘सोळा’ लिवून टाकलं. कायमचं. आता मशीन चालू असू दे, बंद असू दे, त्यावर बैल बसू दे, टीव्ही सोळाच दाखवणार. न्हाई, फसवणूक कशी? सोळा घेतलेलं खरं न्हवं? मग खरं तेच लिवलंय की. उलट आधी जे दिसत हुतं तेच खोटं वाटत हुतं लोकांना. दादासोचा टीव्हीम्होरचा चहा बी बंद झाला. कारभार असा पायजे.

आन् मग पडलं वो मशीन. भर दुपारी पडलं. ज्या घडीला पडलं त्या घडीला नेमका माझ्याच डाळिंबीच्या बागेचा व्हॉल्व्ह उघडा, आन् त्यो तसाच उघडा राहिला. दिवसभर अख्ख्या गावाचं पाणी माझ्या डाळिंबीत! शेवटच्या टोकाला थेंब न्हाई, त्यांची ज्वारी माना टाकून, आन् माझ्या बांधावरनं पाणी वगळीला, खालच्या ओढ्याला, वाया चाललंय. लोकं चाबकं घेऊन आली न्हाईत येवढंच. दादासोनं ती वगळ मोबाइलवर काढून सगळ्या तालुक्याला पाठीवली. आता मला सांगा, मी कसा असणार त्यात? मी गावात बी नव्हतो! मी खंडाळ्याला, लेकीच्या घरी, नातवाचं बारसं, पाळण्याशेजारी फेटा बांधून उभा, साठ माणसं साक्षीला हायत. जेवणाची पानं मांडत हुती, आन् फोनवर बगतो तर हिरवं झालेलं लाल व्हईना, दाबतोय दाबतोय, व्हईना — कसलं हिरवं? काय न्हाई वो, ते — हवामानाचं. हवामानाचं असतंय की फोनवर, हिरवं-लाल. तुमी खावा.

तर काय म्हणत हुतो — साक्ष. माझी साक्ष देणारं कुणी न्हाई, हे दुखणं हाय माझं. मी वराडून सांगतोय, मशीन आपोआप पडलं, मी न्हाई केलं. आन् गाव इचारतंय, मग का पडलं ते दाखव. काय दाखवू? मशीन परत चालू केलं तर आत कोरं. काय टिपलेलंच न्हाई. टिपणाऱ्याला तर आपण उठवून बाहेर काढला, म्हणली मुबश्शिरा. तोंडावर म्हणली, चार माणसांत! तवा माझ्या जिवाला जे लागलं, सायेब — खरं सांगतो, रातभर मला त्यो बारका कारभारी डोळ्याम्होरं यायचा. बिचारा काय मागत नव्हता, चहा नको, पगार नको, कोपऱ्यात नुसता बसला हुता, माझ्याच उपेगी पडला असता. म्हणला असता, लालासाहेबांचा काय दोष न्हाई. आन् मी त्याच्या खोलीचा फ्लेक्स लावला! आता ह्यात चूक कुणाची? — माझी कशी? मी सांगितलं हुतं, मान्य, पर शून्य कुणी लिवला? हात कुणाचा? तिचा. मी सांगितलेलं ऐकायचं का न्हाई येवढी अक्कल इंजिनिअरला पायजे का नगो? मी अडाणी माणूस, मी कायबी सांगन! म्हणून तिला म्हणलं, चौकशी हुईस्तोवर घरी बस.

ती घरी बसली, आन् परवा मशीन परत पडलं. ह्यावर तुमी काय म्हणता? — ती नव्हती तरी पडलं, असं म्हणता? तसं न्हवं वो, उलट बगा की, ती हजर नसताना बी तिच्या हाताचा परिणाम केवढा! आन् परत माझ्याच डाळिंबीचा व्हॉल्व्ह. आता तर मला गावात तोंड दाखवाय जागा न्हाई. तिला बी न्हाई म्हणा. शाहनवाजभाईच्या दुकानात मोटारी घिऊन जायाची बंद झाली माणसं, आटपाडीला नेत्यात म्हणं. काल त्यो आला हुता माझ्याकडं, टोपी काढून नुसता उंबऱ्यावर बसला, आन् उठून गेला. जिवाला वाईट वाटलं मला, लय वाईट वाटलं. पर राजकारणात कुणातरी एकाला वाईट वाटून घ्यावंच लागतं. आज तुमी वाक्य दिलं की ती बाजूला, मी मोकळा, महिन्या-दोन महिन्यानं गाव इसरल, मग तिला एखाद्या दुसऱ्या संस्थेत —

काय झालं? हात का धुताय, अजून एक हाय की. लॅपटॉपात काय दिसलं? — काय हाय म्हणता? खोली? कुठली खोली? — परत हाय? आवं, ती तर शून्य केली की, मी डोळ्यांनी बघितलं. — त्यो शून्य मशीन चालू हाय तवरच असतो? बंद हून परत चालू झालं की मशीन आपल्या मुळातल्या हुकमानं खोली परत बाजूला काढतं? आन् बारका बी आत जाऊन बसतो? म्हंजे पयल्यांदा पडलं तवा नव्हता, पर परवा — परवा हुता? आत बसला हुता? आन् हे टीव्हीवर का दिसलं न्हाई? — हां. हां, सोळा लिवलंय तितं. बरोबर. मग — मग त्यानं टिपलंय? सगळं? आवं सायेब, मग आधी सांगायचं न्हाई व्हय! पेढं आणा रं कुणीतरी! वाचा, वाचा मोठ्यानं, न्हाईतर चला सोप्यात, तितंच वाचा, त्या दादासोच्या तोंडावर वाचा. माझा साक्षीदार हाय त्यो! मी म्हणत नव्हतो, एक दिवस माझं खरं —

कसली डबी? — मशीनच्या पाठीमागं लावलेली? न्हाई, ती काय न्हाई, ती वीरधवलनं लावलीय, बारकी डबी हाय, तिचा काय संबंध न्हाई. — तिच्याच पायी पडलं? तिच्यातल्या सॉफ्टवेअरनं कारभाऱ्याच्या पोटात पाय दिला? दोन्ही बारीला तीच असणार म्हणता? — आवं, साधी डबी हाय. फोनवरनं एक व्हॉल्व्ह उघडायचा. एकच. चेअरमनला तेवढा बी अधिकार न्हाई का? माझी पाळी आठवड्यानं, आन् डाळिंब सुकाय लागलेली, फुलं गळायला लागलेली, अर्धा तास, नुसतं अर्धा तास उघडायचं आन् मिटायचं, कुणाला कळलं बी नसतं. मिटलं न्हाई त्याला मी काय करू? खंडाळ्यात बसून दाबत हुतो की मी, अंगठा दुखला माझा! — परवा? परवा म्हणलं, बगावं तरी, नीट झालंय का. म्हणून दाबलं. काय वाईट इचारानं न्हाई.

हे सगळं त्यानं टिपलंय? शेवटाला कुणी हाक मारली ते बी? — पुसता येतंय का ते, सायेब? न्हाई, आपलं इचारतोय. तुमी लय लांबनं आलासा, तुमचा मान ठिवायचाच हाय आमाला, बोला तुमी. — असं बगू नगा वो माझ्याकडं. बरं, पुसू नगा. मग असं करा, ‘कारण समजत न्हाई’ म्हणा. ते बी नगो? मग कुणाला लावताय फोन? — मुबश्शिराला? तिचा नंबर तुमच्याजवळ कसा? — तिनंच तुमाला सांगितलं, आधी खोली बगा म्हणून? म्हंजे तिला म्हाईत हुतं? आन् माझ्याजवळ बोलली न्हाई ती? — मी इचारलं न्हाई. व्हय. मी इचारलंच न्हाई तिला, घरी बस म्हणलं.

द्या. द्या हिकडं फोन, मीच बोलतो. मुबश्शिरा? आगं, मी आण्णा. — व्हय, सायेबांच्या जवळच हाय. — व्हय, कळलं मला. तुझा काय दोष न्हाई पोरी, कायबी न्हाई. — म्हणतोय की, आत्ता म्हणलो न्हवं का? — बाहेर? बाहेर जाऊन म्हणू? सगळ्यांच्या म्होरं? आगं, तू उद्यापासनं कामावर ये, तुला इंजिनिअर करतो, पगार वाढवतो, आब्बाला सांग — आगं, ऐक तर — दादासो बसलाय तितं, गाव बसलंय सगळं — हॅलो? हॅलो?

ठिवला. म्हणली, आण्णा, मला सांगून काय उपेग, मला म्हाईतच हाय. माझ्या आब्बाशी गाव बोलत न्हाई, गावाला सांगा. — बरोबर हाय तिचं. मी कुठं न्हाई म्हणतोय? बरोबरच हाय. उठतो मी. — उठतो म्हणलं न्हवं, जरा थांबा. येवढी भाषणं केली ह्या सोप्यात, माईक नसला तरी शेवटच्या टोकापत्तोर आवाज जायाचा माझा. — न्हाई वो सायेब, न्हाई जमत. तुमीच जावा. तुमच्या तोंडानं सांगा. माझं नाव घ्यायचं असलं तर — न्हाई, घ्याच. डबीचं बी सांगा. आन् शाहनवाजभाई बाहेर कुठं उभा असला तर पयल्यांदा त्याला सांगा. जावा आता, माणसं खोळंबल्यात. दार ओढून घ्या.